आधी मालकाला घेऊन या

सरकारनं मला लेकरं थांबवण्यासाठी नेमलं होतं. उपकेंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण, कपाटात निरोधची खोकी, आणि वर्षअखेरीला मोठ्या साहेबांचा एकच प्रश्न, "केसेस किती?" केस म्हणजे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. मार्च जवळ आला की माझी पांढरी साडी लांबून दिसली तरी बाया कडब्याच्या गंजीआड व्हायच्या.

पण माझं दार सगळ्यात जास्त वाजवलं ते मूल नसलेल्या बायांनी. दुपारी गडीमाणसं रानात गेली की एखादी पदर ओढून यायची, दाराशी घुटमळायची आणि म्हणायची, "बाई, थांबवायचं औषध तुमच्याकडं हाय, मग व्हायचं बी असंलच की." बरोबरच होतं तिचं. कुलूप ज्याच्याकडं, किल्लीही त्याच्याकडंच असणार. सरकारनं किल्ली केलीच नव्हती, हे तिला कुठं माहीत!

माझं नाव पंचशीला. आईबापांनी धम्म घेतल्यावर झालेलं पहिलं लेकरू, म्हणून हे नाव. नर्सचं ट्रेनिंग संपलं आणि राणीसावरगावच्या अंगाला एका गावात नेमणूक झाली. गाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरची जाळपोळ होऊन फार काळ लोटला नव्हता. तिच्यात माझ्या मावशीचं घर गेलं होतं. आई म्हणाली, "खेड्यात नको जाऊस, ऑर्डर परत दे." मी म्हणलं, "जिच्यावर माझं पूर्ण नाव छापून आलंय, ती ऑर्डर मी परत देणार न्हाई." आणि गेले.

गावात माझ्या हातची गोळी चालायची, पाणी चालायचं नाही. गोळी मी द्यायची, पाणी ज्यानं त्यानं घरी जाऊन प्यायचं.

मूल होण्याच्या औषधांचं आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकले ते परभणीच्या एका डॉक्टरबाईंकडं. गावातल्या एका बाईला तिकडं जायला सोबत नव्हती म्हणून पहिल्यांदा गेले आणि मग जातच राहिले. बाईच्या अंगात दर महिन्याला एक अंडं पिकतं आणि फुटून बाहेर पडतं. ते पिकव म्हणून डोक्याकडून निरोप जातो, त्या निरोपाला हार्मोन म्हणतात. काहींच्या अंगात तो निरोप वेळेवर पोचत नाही. मग पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते आणि गाव म्हणतं, हिच्यावर कोप हाय. डॉक्टरबाई क्लोमिफेनची गोळी द्यायच्या, पाळीच्या पाचव्या दिवसापासून पाच दिवस. गोळी एवढीशी, पण तिच्या नादाला आपल्या मनानं लागायचं नाही. एका तालुक्याच्या गावी एक बिनडिग्रीचा डॉक्टर ती गोळी चण्यासारखी वाटायचा. एका बाईचं पोट फुगलं तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. पोटात गर्भ नव्हता, सुजलेलं अंडाशय होतं. जीपमध्ये घालून नेली म्हणून वाचली.

आणि डॉक्टरबाईंचा नियम एकच. "आधी मालकाला घेऊन या." पुरुषाची तपासणी सोपी. बाटलीत वीर्य द्यायचं, तासाभरात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बाईला चार वेळा टेबलावर झोपवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि सोपं. पण ही सोपी गोष्ट लय अवघड. एकानं सकाळची बाटली बायकोच्या पिशवीत घालून एसटीनं पाठवली. ती दुपारी पोचली तेव्हा आत सगळा शुकशुकाट. दुसरा नावाजलेला पैलवान. मांड्या अशा की खुर्चीत मावेनात. रिपोर्ट ऐकून म्हणाला, "मशीन खराब हाय तुमचं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मशीन नाहीच. मी डोळ्यांनी बघितलंय."

आता भामाचं सांगते.

सत्यभामा ही गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकरी घराची सून. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. नवरा माणिक, मुका म्हणावा इतका शांत. घर चालायचं ते सासूच्या, मथुराबाईंच्या हुकमावर. गाव त्यांना पाटलीणबाई म्हणायचं. मी मथुराबाईच म्हणायचे, आणि ते त्यांना खुपायचं.

एक दिवस त्या स्वतः माझ्या क्वार्टरसमोर आल्या. आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "पुढल्या आयतवारी बैठक हाय. सुनेचे भाऊ येणारेत पिंगळीहून. माणिकचं दुसरं लगीन लावायचं म्हणतोत आमी. तू सरकारी बाई हायस. हिच्यात दोष हाय, हिला लेकरू होणार न्हाई, एवढं बैठकीत सांग."

दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी होती, पण कायदा गंगाखेडच्या कोर्टात राहायचा, गावात यायचा नाही. मी म्हणलं, "तपासल्याबिगर कसं सांगू, मथुराबाई?"

"आठ वर्षं बघायलाव आमी. आनखीन काय तपासायचं?"

"दोघांनाबी तपासायचं. माणिकरावालाबी."

त्यांचं तोंड असं झालं, जणू मी त्यांच्या अंगणात थुंकले. "आमच्या लेकाला तपासणार तू? कुणासंगं बोलायलीस, ध्यानात हाय का?"

"हाय की," मी म्हणलं. "म्हणूनच खरं बोलायले."

त्याचं फळ लगेच मिळालं. त्या घराचा शब्द गावात चालायचा. त्या मार्चला ऑपरेशनला एक बाई माझ्या जीपमध्ये बसली नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "लोकांना मुलं व्हावीत म्हणून परभणीला घेऊन जाता म्हणे? शासन तुम्हाला कशाचा पगार देतं?"

मी म्हणाले, "साहेब, आमच्या भिंतीवर कुटुंबकल्याण लिहिलंय. ज्यांना कुटुंबच न्हाई त्यांचं कल्याण कुठल्या खात्यात जातं?"

साहेबांनी पुढल्या नर्सचं नाव पुकारलं. माझी पगारवाढ अडली, ते सोडा. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला निवृत्त होईपर्यंत कुणी दिलं नाही.

आयतवारची बैठक होळीनंतर करू, असं भामाच्या भावांनी कळवलं होतं. मधल्या दिवसांत एका भरदुपारी भामा आली. घुटमळली नाही. सरळ आत येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "बाई, माझ्यात दोष हाय का न्हाई ते मला कळू द्या. मग सासूबाईला काय सांगायचं ते मी सांगीन. मला सवत आली तर येऊ द्या, पण न तपासता न्हाई."

भामा माहेरी जाते म्हणून निघाली. गंगाखेडला मी पॅसेंजरमध्ये चढले तेव्हा ती खिडकीशी बसलेली होती. पिंगळी स्टेशनावर तिचा भाऊ उभा होता. ती खिडकीतून त्याला म्हणाली, "दादा, मी परभणीला जायले. सांजच्याला येते." भाऊ बघतच राहिला आणि गाडी सुटली.

डॉक्टरबाईंनी तपासलं. पाळीची चौकशी केली. गर्भपिशवी ठीक, नळ्याही मोकळ्या असाव्यात, पण अंडं पिकत नसावं, असं त्यांचं मत पडलं. आणि मग नेहमीचं, "मालक कुठंयत?"

भामानं ते काम माझ्यावर टाकलं नाही. घरी गेल्यावर तिनं माणिकला काय सांगितलं, ते तिच्याच तोंडून ऐकलेलं. ती म्हणाली, "तुमी माझ्यासंगं परभणीला येणार. न्हाई आलात तर बैठकीत मी उभी राहीन आन् विचारीन, हे तपासायला का भेतेत?" माणिकनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आईला कळू देऊ नको. मी बैलाची पेंड आणायला जातो म्हणून सांगतो."

आला बिचारा. बाटली हातात घेऊन असा उभा, की जणू तिच्यात विंचू आहे. रिपोर्ट मात्र चांगला निघाला. त्याच्यात काही कमी नव्हतं.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. दोष त्याच्यात निघावा, मथुराबाईंचं तोंड बंद व्हावं, असं मनात कुठंतरी होतंच. भामा मात्र माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं झालं. आता निदान गोळी कुणी घ्यायची ते कळलं."

बैठक मथुराबाईंच्या ओसरीवर बसली. पिंगळीचे भाऊ, गावातली चार वजनदार माणसं, दाराआड बायका. मी अंगणात उभी होते. भामानंच मला बोलावलं होतं आणि सगळं सांगायची परवानगी दिली होती. मी सांगितलं, दोघांची तपासणी झालीय, माणिकराव ठीक आहेत, भामाच्या अंगात अंडं वेळेवर पिकत नाही.

मथुराबाई आतून कडाडल्या, "मग? मी म्हणलं न्हवतं? दोष हिच्यातच हाय!"

"दोष न्हाई," मी म्हणलं. "आजार हाय. त्याला गोळी हाय. मथुराबाई, तुमाला दम्याचा त्रास हाय. दर महिन्याला गंगाखेडहून तुमच्या गोळ्या येतात. तुमाला दम लागतो म्हणून कुणी घरात दुसरी पाटलीण आणली का?"

ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. भामाच्या थोरल्या भावाला तेवढंच बळ मिळालं. तो म्हणाला, "औषध हाय म्हणतेत तर वरीसभर बघू. तवर दुसऱ्या सोयरिकीचं नाव काढायचं न्हाई." आणि एवढा वेळ खांबाला टेकून बसलेला माणिक पहिल्यांदा बोलला. "बघू म्हंजे काय? आमी औषध घेणारच हाव."

गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, डोकं दुखायचं. भामा तशीच रानात कामाला जायची. पहिला महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. पाळी आली की ती माझ्याकडं यायची आणि काहीही न बोलता सुपारी कातरत बसायची. मीही बोलायचे नाही. या धंद्यात धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा सुपारी बरी, हे मी तिच्याकडून शिकले.

दिवाळीच्या सुमाराला पाळी चुकली. परभणीला तपासणी झाली, दिवस गेले होते. पण थोड्याच दिवसांत डाग दिसायला लागला. डॉक्टरबाईंनी विश्रांती सांगितली आणि गर्भ टिकावा म्हणून दर आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. ते तेलातलं असतं. औषध मधासारखं घट्ट, सुई जाड. बाटली आधी तळहातात धरून ऊब द्यायची, मग हळूहळू आत सोडायचं. घाई केली तर गाठ येते आणि बाई आठवडाभर कुशीवर झोपू शकत नाही. आजच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, त्या इंजेक्शनाचा फारसा उपयोग सिद्ध झालेला नाही. असेल. तेव्हा आमच्या हातात तेवढंच होतं.

भामाला उठायची बंदी, म्हणजे इंजेक्शन द्यायला मला तिच्या घरी जावं लागणार. मथुराबाईंचा निरोप घेऊन गडी आला, "बाईनं मागल्या दारानं यावं, गोठ्याकडून."

मी गड्याला म्हणलं, "जाऊन सांग, सुई पुढल्या दारानं येईल. न्हाई तर दुसरी नर्स बघा." दुसरी नर्स वीस मैलांत नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, की भामाचं इंजेक्शन चुकलं तर माझाच जीव तुटेल. तरीसुद्धा मी सिरिंज उकळून, डबा बंद करून बसून राहिले. थोड्या वेळानं माणिक स्वतः आला. "चला बाई. पुढल्याच दारानं." ओसरीवर मथुराबाई बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. मी चपला पायरीशी काढल्या आणि आत गेले. भामा खाटेवर पडल्या पडल्या हसत होती.

तिसरा महिना संपता संपता गर्भ पडला. मीच होते तिच्याजवळ. मथुराबाई दारात आल्या, पाहिलं आणि गरम पाण्याचा हंडा आणून ठेवला. त्या दिवशी मात्र माझ्या हाताला हात लागला तरी त्या मागं सरकल्या नाहीत.

नंतर भामानं आणखी काही महिने गोळ्या घेतल्या. मग एकदा परभणीहून परत येताना म्हणाली, "बाई, आता बास. माझं अंग हाय हे, रान न्हाई, दर हंगामाला नांगरायला." माणिक बाजूला बसलेला. तो म्हणाला, "ती म्हणती तसं." वरीस संपलं होतं. मथुराबाईंनी पुन्हा सोयरिकीचा विषय काढला, तेव्हा माणिकनं ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, "दुसरीला आणायचं आसंल तर तिच्यासाठी दुसरा नवराबी बघा. मी न्हाई." भामाला मूल झालं नाही. या लिखाणात सगळ्यात टोचणारं वाक्य हेच आहे, म्हणून ते सरळ लिहून टाकते.

विषय इथंच संपला असता. पण दुसऱ्या वर्षी मथुराबाईंची लेक सिंधू पालमहून माहेरी आली ती पेटी घेऊनच. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही, म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली. जे वाक्य मथुराबाईंनी माझ्या उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हटलं होतं, तेच आता व्याही त्यांना ऐकवून गेले, "तुमच्या लेकीत दोष हाय."

त्या माझ्याकडं आल्या नाहीत. त्या भामाकडं गेल्या. भामानं मला नंतर सांगितलं, "सासूबाई चुलीपुढं बसल्या आन् म्हणल्या, सिंधूला तुझ्या त्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन जातीस का? मी म्हणलं, नेते. पण जावईबापूला कोण आणणार?"

जावईबापूंना आणायला मथुराबाई स्वतः पालमला गेल्या. मी आणि भामा सोबत होतो. एसटीतून उतरून त्या तरातरा व्याह्यांच्या घरात शिरल्या. जावई ओसरीवर पान लावत होता. त्याच्या बापानं विचारलं, "काय काम काढलं, इहीणबाई?"

"जावईबापूला न्यायला आले. परभणीला. तपासणीला."

"पुरुषाला कसली तपासणी?"

"माझ्या माणिकची झाली ती!" मथुराबाई म्हणाल्या. "त्याचं काय झडलं का? बाटली असती, त्यात द्यायचं असतं. तासाच्या आत द्यावं लागतं, एसटीनं पाठवलेलं चालत न्हाई. विचारा ह्या बाईला!" आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. जावयाच्या हातातलं पान तसंच राहिलं. घरातल्या बायका तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. मी आयुष्यात पुष्कळ आरोग्यशिक्षण केलं, पण एवढं दणदणीत व्याख्यान मला कधी जमलं नाही.

जावई आला. त्याच्या रिपोर्टात शुक्राणू कमी निघाले, जंतुसंसर्ग होता. त्याला औषधांचा कोर्स दिला; सिंधूची पाळीही लांबायची, म्हणून तिला भामासारख्याच गोळ्या. तिला माहेरीच ठेवून घेतलं, जावई आठवड्याला यायला लागला आणि प्रत्येक वेळी मथुराबाई त्याला दारातच विचारायच्या, "गोळ्या घेतल्या का?" सिंधूला परभणीला न्यायचं-आणायचं काम भामानं केलं. औषध सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात सिंधूला दिवस राहिले, आणि ते टिकले.

सातव्या महिन्यात मथुराबाईंच्या अंगणात डोहाळजेवण झालं. पालमची माणसं आली, अख्ख्या गावातल्या बायका आल्या. मलाही बोलावणं होतं. मी कडेला, दाराजवळ बसले. ओटी भरायची वेळ झाली तशी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पहिली ओटी लेकुरवाळीनं भरायची, हा रिवाज. सिंधू पाटावरून म्हणाली, "पहिली ओटी वहिनी भरणार."

मथुराबाईंची जाऊ मोठ्यानं म्हणाली, "अगं, वांझेच्या हातची ओटी? लेकराचं काई बरंवाईट झालं म्हंजे?"

मथुराबाईंनी तांदळाचं, खणनारळाचं ताट उचललं आणि भामाच्या हातात दिलं.

भामा उठली. मथुराबाईंच्या जावेकडं वळून, अगदी सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वांझ न्हाई मी, काकू. मला लेकरू झालं न्हाई, एवढंच." आणि तिनं सिंधूची ओटी भरली.

काही बायका पदर सावरून निघून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. ताट अजून भामाच्या हातातच होतं. तिनं अंगणभर नजर फिरवली, ती दारापाशी येऊन थांबली.

"बाई," ती म्हणाली, "उठा. आता तुमी."

मी हात पदराला पुसले आणि सगळ्यांच्या मधून चालत गेले.